काम कुणाचं, नाव कुणाचं : गिटारच्या इतिहासातले मागे राहिलेले वादक



या मालिकेत आपण बहुतेक वेळा मोहिमा आणि लढाया यांचा इतिहास बघतो. आजचा विषय वेगळा आहे : गिटार. पण प्रश्न मात्र तोच आहे, जो लढायांचा इतिहास वाचताना मला नेहमी पडतो. काम कुणी केलं आणि नाव कुणाचं राहिलं?

रॉक संगीत थोडंफार ऐकणाऱ्याला जिमी हेन्ड्रिक्स, एरिक क्लॅप्टन, जिमी पेज ही नावं माहीत असतात. न ऐकणाऱ्यानंही ती टी-शर्टवर पाहिलेली असतात. ही मंडळी मोठी होती, त्याबद्दल वाद नाही. पण त्यांच्या हातात जी गिटार आली, ती बोलकी झालेली आली. तिला बोलतं करणारे त्यांच्या आधीच होऊन गेले होते. त्यातल्या काहींची नावं आज फक्त जाणकारांना ठाऊक आहेत. आज मी त्यातल्या चौघांबद्दल बोलणार आहे आणि शेवटी एका पाचव्याबद्दल, ज्याची गोष्ट थोडी निराळी आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी, म्हणजे जे नव्यानं ऐकताहेत त्यांची अडचण होणार नाही. ब्लूज हे अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या कृष्णवर्णीय लोकांचं संगीत. गुलामगिरी कायद्यानं संपल्यानंतरच्या काही दशकांत, कापसाच्या शेतांवर, रेल्वेच्या कामांवर, चर्चच्या आसपास ते आकाराला आलं. त्याची नेहमीची रचना साधी आहे. एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची आणि तिसऱ्या ओळीत उत्तर द्यायचं. प्रत्येक ओळीनंतर जी मोकळी जागा राहते, तिथं गिटार गाणाऱ्याला जाब देते. आपल्याकडे गायकाच्या मागे सारंगी बोलते, तसंच काहीसं. पुढे ही माणसं कामाच्या शोधात उत्तरेला, शिकागोसारख्या शहरांत गेली. गिटारला वीज लागली. त्यातून १९५० च्या दशकात रॉक अँड रोल निघालं. १९६० च्या दशकात इंग्लंडमधल्या तरुण पोरांनी त्याच जुन्या रेकॉर्ड झिजेपर्यंत ऐकल्या आणि तेच संगीत मोठ्या आवाजात जगाला परत विकलं.

आता एक गोष्ट सैन्यातली सांगतो. शौर्यपदक कसं मिळतं, याबद्दल नागरी आयुष्यात बऱ्याच गोड समजुती आहेत. प्रत्यक्षात ते एका कागदानं मिळतं. जवानानं काहीतरी असामान्य केलं, ते कुणीतरी पाहिलं, पाहणारा जिवंत राहिला, त्यानं जबाब दिला, कमांडिंग ऑफिसरनं शिफारस लिहिली, ती वर गेली आणि वरच्या प्रत्येक टेबलावर टिकली, तर पदक. यातला एक दुवा तुटला की शौर्य तेवढंच राहतं, पण पदक नाही. ज्या ठाण्यावरचे सगळेच गेले, तिथं काय घडलं ते सांगायला कुणी उरत नाही. वर्दी घातलेल्या प्रत्येकाला अशी एक-दोन नावं माहीत असतात. म्हणून मी इतिहास वाचताना आधी विचारतो, हा कागद लिहिला कुणी?

हाच प्रश्न घेऊन गिटारकडे जाऊ.

पहिलं नाव लॉनी जॉन्सन.

हा न्यू ऑर्लिन्सचा. घर वादकांचं. पहिल्या महायुद्धाच्या शेवटी जी इन्फ्लुएंझाची साथ आली, तिनं त्याचं जवळजवळ सगळं कुटुंब नेलं. उरला एक भाऊ. तो सेंट लुईसला गेला आणि १९२५ मध्ये तिथल्या एका ब्लूज गाण्याच्या स्पर्धेत जिंकून त्यानं ओके या रेकॉर्ड कंपनीचा करार मिळवला. पुढच्या सात-आठ वर्षांत त्यानं शंभराहून अधिक गाणी रेकॉर्ड केली.

त्याचं वेगळेपण काय होतं? त्या काळात बँडमध्ये गिटार असली तर ती तालासाठी असे. सगळ्या तारा एकदम छेडायच्या आणि ठेका सांभाळायचा. जॉन्सननं एकेक स्वर सुटा वाजवायला सुरुवात केली. तार बाजूला ओढून स्वर वर न्यायचा, टोकाला पोचल्यावर त्याला हलका कंप द्यायचा. सतारीवरची मींड ज्यांच्या कानात आहे, त्यांना हे समजावून सांगायची गरज नाही. गिटारवर हे आज इतकं सर्वसाधारण झालंय की कुणीतरी ते रुजवलं असेल, हे लक्षातच येत नाही. १९२७ च्या डिसेंबरमध्ये लुई आर्मस्ट्राँगनं शिकागोत ‘हॉटर दॅन दॅट’ रेकॉर्ड केलं, तेव्हा त्यात जॉन्सनला बोलावलं. त्यात एक जागा आहे. बाकीचा बँड थांबतो, आर्मस्ट्राँग शब्दांशिवाय नुसत्या आवाजानं एक तुकडा टाकतो आणि जॉन्सनची गिटार त्याला उत्तर देते. सरळ सरळ सवाल-जवाब. पुढच्याच वर्षी ड्यूक एलिंग्टनच्या ‘द मूच’मध्ये तो आहे.

आणि याच सुमारास त्याच्या काळाबद्दल बरंच सांगणारी एक गोष्ट घडली. एडी लँग नावाचा फिलाडेल्फियाचा एक इटालियन वंशाचा गोरा गिटारवादक होता, अव्वल दर्जाचा. त्यानं आणि जॉन्सननं १९२८-२९ मध्ये जोडीनं काही रेकॉर्ड केल्या. पण त्या काळी कृष्णवर्णीय गिऱ्हाइकांसाठीच्या रेकॉर्ड वेगळ्या मालिकेत निघत. त्यांना ‘रेस रेकॉर्ड’ म्हणत. गोऱ्याचं नाव त्या लेबलवर कसं छापायचं? मग लँगचं नाव ठेवलं ‘ब्लाइंड विली डन’. दोन माणसं एका खोलीत बसून तोडीस तोड वाजवत होती, पण कागदावर त्यांना खऱ्या नावानं शेजारी बसण्याची मुभा नव्हती.

मंदी आली, रेकॉर्डचा धंदा बसला, जॉन्सन पोलादाच्या कारखान्यात राबला. मग पुन्हा उठला. १९४८ मध्ये ‘टुमॉरो नाइट’ हे त्याचं हळवं प्रेमगीत कृष्णवर्णीय श्रोत्यांच्या यादीत सात आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. एल्व्हिस प्रेस्लीनं १९५४ मध्ये तेच गाणं रेकॉर्ड केलं. त्यानंतर जॉन्सन पुन्हा अदृश्य झाला. १९५९ मध्ये क्रिस अल्बर्टसन या रेडिओ निवेदकाला तो फिलाडेल्फियात सापडला. बेंजामिन फ्रँकलिन हॉटेलात तो साफसफाईचं काम करत होता.

त्याच शहरात एल्मर स्नोडेन नावाचा आणखी एक वादक मोटारी लावण्याच्या तळावर कामाला होता. हा स्नोडेन कोण? जो बँड पुढे ड्यूक एलिंग्टनच्या हाती आला, त्याचा मूळचा म्होरक्या. अल्बर्टसननं दोघांना एकत्र बसवून १९६० मध्ये एक सुंदर रेकॉर्ड केली, ‘ब्लूज अँड बॅलड्स’. म्हणजे वादक तिथंच होते, हातही शाबूत होते. फक्त कुणीतरी जाऊन विचारायचं बाकी होतं.

आता याच्या शेजारी दुसरा जॉन्सन ठेवून बघा, रॉबर्ट जॉन्सन. याचं नाव आज सगळ्यांना माहीत आहे. त्यानं एकूण २९ गाणी रेकॉर्ड केली आणि १९३८ मध्ये सत्ताविसाव्या वर्षी तो गेला. चौरस्त्यावर सैतानाला आत्मा विकून त्यानं गिटार मिळवली, अशी दंतकथा त्याच्याभोवती तयार झाली. पण त्याचं ‘मॉल्टेड मिल्क’ ऐका आणि लगेच लॉनी जॉन्सनची कोणतीही जुनी रेकॉर्ड ऐका. उसनवारी लपत नाही. बी. बी. किंगनंही आपल्या आदर्शांमध्ये लॉनीचं नाव आवर्जून घेतलं. तरी दंतकथा रॉबर्टची झाली. मला वाटतं याचं कारण असं की लॉनी जगला. काम मिळेल तिथं गेला, ब्लूज गायला, प्रेमगीतं गायला, झाडू मारला, परत आला. फेब्रुवारी १९७० मध्ये, मोटार अपघातातून जेमतेम सावरलेला असताना, त्यानं टोरोंटोच्या मॅसी हॉलमध्ये दोन गाणी म्हटली आणि लोक उभे राहिले. त्याच वर्षी जूनमध्ये तो गेला. साठ-सत्तर वर्षं इमानानं काम करणाऱ्या माणसाची दंतकथा होत नाही. त्याची सर्व्हिस बुक होते, आणि ती कुणी उघडत नाही.

दुसरं नाव सिस्टर रोझेटा थार्प.

हिचा जन्म १९१५ चा, अरकॅन्सॉ राज्यातल्या कॉटन प्लांट गावचा. आई चर्चमध्ये धर्मप्रचारक. पोर लहानपणापासूनच आईबरोबर फिरत गिटार वाजवून गायची. १९३८ मध्ये डेका कंपनीसाठी तिच्या पहिल्या रेकॉर्ड झाल्या आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ती न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये गायली. तिची गाणी देवाची, पण वाजवणं असं की पाय जाग्यावर राहत नाहीत. १९४४ मध्ये रेकॉर्ड झालेलं तिचं ‘स्ट्रेंज थिंग्ज हॅपनिंग एव्हरी डे’ पुढच्या वर्षी कृष्णवर्णीय श्रोत्यांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. त्यातली गिटार ऐका आणि मग दहा वर्षांनंतरचं चक बेरीचं वादन ऐका. काही अभ्यासक या रेकॉर्डला रॉक अँड रोलच्या आरंभीच्या रेकॉर्डमध्ये धरतात. नेमकी पहिली कोणती, हा वाद न मिटणारा आहे. त्यात मी पडत नाही. पण ती त्या रांगेत आहे, एवढं नक्की.

तिच्या लोकप्रियतेचा अंदाज यावा म्हणून एकच सांगतो. १९५१ च्या जुलैमध्ये तिनं वॉशिंग्टनच्या ग्रिफिथ स्टेडियममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या मैदानात, तिकीट लावून लग्न केलं. वीस हजारांवर माणसं आली. लग्न लागलं, मग नवरी गिटार घेऊन उभी राहिली. डेकानं त्याची रेकॉर्डही काढली.

मग ही बाई विसरली कशी गेली? कारण तिला ठेवायला कप्पाच नव्हता. चर्चवाल्यांना वाटायचं, ही देवाची गाणी नाइट क्लबात नेते. क्लबवाल्यांना वाटायचं, ही देवाची गाणी गाते. पुढे रॉकचा इतिहास लिहायला बसलेल्यांच्या डोळ्यासमोर जो गिटारवादक होता, तो तरुण होता, पुरुष होता आणि बंडखोर होता. देवाचं नाव घेणारी, मध्यमवयाकडे झुकलेली, चारचौघींसारखा झगा घातलेली बाई त्या चित्रात बसेना.

पण तिच्या बाबतीत एक साक्षीदार शिल्लक आहे, कॅमेरा. मे १९६४ मध्ये ग्रॅनडा टेलिव्हिजननं मँचेस्टरच्या विल्ब्रहॅम रोड या बंद पडलेल्या रेल्वे स्टेशनवर एक कार्यक्रम केला. एका फलाटावर श्रोते, समोरच्या फलाटावर कलाकार. मडी वॉटर्ससारखी मंडळी त्यात होती. पावसानं झोडपलं. रोझेटा घोडागाडीतून आली, कोट घालूनच उभी राहिली, गळ्यात पांढरी गिब्सन अडकवली आणि भिजत्या फलाटावर पावसाचंच गाणं धरलं, ‘डिडन्ट इट रेन’. ही फिल्म आज इंटरनेटवर कुणालाही बघता येते. मधल्या सुट्या वादनाच्या जागेकडे लक्ष द्या. चेहऱ्यावर ताण नाही. कॅन्टीनमधली मावशी हसत वाढते, तशी ती वाजवते.

१९७३ मध्ये ती फिलाडेल्फियात गेली. त्याआधी पक्षाघाताचा झटका येऊन गेला होता आणि मधुमेहानं एक पाय काढावा लागला होता. जवळजवळ ३५ वर्षं तिच्या कबरीवर नावाचा दगड नव्हता. तिचं चरित्र २००७ मध्ये आलं, त्यानंतर २००८ मध्ये चाहत्यांनी एक कार्यक्रम करून पैसे जमवले, मग दगड बसला. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमनं तिला २०१८ मध्ये घेतलं. कागद उशिरा लिहिला गेला, पण लिहिला गेला.

तिसरा वादक ह्यूबर्ट समलिन. याची गोष्ट आम्हा फौजींना लवकर कळते, कारण ती दुसऱ्या रांगेतल्या माणसाची आहे.

शिकागोत हाउलिन वुल्फ नावाचा गायक होता. खरं नाव चेस्टर बर्नेट. धिप्पाड अंग, घशातून खडी दळल्यासारखा आवाज. समलिन १९५४ मध्ये त्याच्याकडे गेला आणि मधले काही महिने सोडले तर वुल्फ १९७६ मध्ये मरेपर्यंत त्याच्याबरोबर राहिला. एवढ्या मोठ्या आवाजासमोर गिटार वाजवायची म्हणजे काय करायचं? सुरुवातीला समलिन खूप वाजवायचा. वुल्फनं त्याला सांगितलं, नखी ठेव आणि बोटांनी वाजव. समलिन स्वतःच हा किस्सा सांगत असे. बोटांनी तार छेडली की स्वर मऊ होतो आणि हात आपोआप कमी बोलतो. त्यानंतर त्यानं जी शैली बसवली, ती विलक्षण आहे. तो ओळीच्या मध्ये कधीही येतो, दोन स्वर टोचतो, नाहीसा होतो, आणि पुन्हा कुठून येईल याचा नेम नसतो.

१९६४ चं ‘किलिंग फ्लोअर’ घ्या. त्याची सुरुवातीची गिटारची ओळ ऐकली की गाणं ओळखू येतं. जून १९६७ मध्ये मॉन्टेरीच्या ज्या मैफलीनं हेन्ड्रिक्सला अमेरिकेत प्रसिद्धी दिली, तिची सुरुवात त्यानं याच गाण्यानं केली. १९६९ मध्ये लेड झेपलिननं ‘द लेमन साँग’ काढलं, त्यात या गाण्याचा मोठा भाग आहे. त्यावरून हक्कांचा दावा झाला, कोर्टाबाहेर तडजोड झाली आणि श्रेयात चेस्टर बर्नेट हे नाव आलं. चांगलं झालं. पण बघा, नाव आलं ते गाणं ज्याच्या नावावर नोंदलेलं होतं त्याचं. हक्काच्या कागदावर शब्द आणि चाल धरली जाते. वादकानं स्टुडिओत बसून जी ओळ जोडली, जिच्यावरून गाणं ओळखलं जातं, तिला त्या कागदावर सहसा रकाना नसतो. वादकाला त्या दिवसाची मजुरी मिळते. समलिन कायम रकान्याबाहेर राहिला.

त्याचे साक्षीदार वादकच होते. मे १९७० मध्ये वुल्फला लंडनला नेऊन क्लॅप्टन वगैरे इंग्रज वादकांबरोबर रेकॉर्ड करायचं ठरलं. तेव्हा समलिनलाही आणाच, असा आग्रह क्लॅप्टननं धरला. डिसेंबर २०११ मध्ये समलिन वारला, तेव्हा अंत्यविधीचा खर्च रोलिंग स्टोन्सच्या मिक जॅगर आणि कीथ रिचर्ड्स यांनी केला. आपण कुणाचं देणं लागतो, हे त्यांना ठाऊक होतं.

चौथं नाव एलिझाबेथ कॉटन. जन्म १८९३, नॉर्थ कॅरोलायना. ही डावखुरी. भावाची बँजो घरात होती, ती उजव्या हाताच्या माणसासाठी तारा लावलेली. हिनं तारा न बदलता वाद्यच उलटं धरलं. पुढे लोकांच्या घरी धुणीभांडी करून पैसे साठवले आणि ३ डॉलर ७५ सेंटची गिटार घेतली. तीही उलटीच धरली. म्हणजे जिथं बाकीचे अंगठ्यानं खर्ज वाजवतात आणि बोटांनी चाल, तिथं ही बोटांनी खर्ज आणि अंगठ्यानं चाल वाजवायची. कुणी शिकवलेलं नाही. अकरा-बारा वर्षांची असताना तिनं मालगाडीवरचं ‘फ्रेट ट्रेन’ हे गाणं केलं.

मग लग्न झालं, चर्चनं असलं वाजवणं सोडायला सांगितलं आणि गिटार काही दशकं सुटली. १९४० च्या दशकात वॉशिंग्टनच्या एका दुकानात तिला एक हरवलेली लहान मुलगी सापडली. तिनं ती आईकडे पोचवली. ती पेगी सीगर. सीगर कुटुंब लोकसंगीताच्या अभ्यासकांचं. एलिझाबेथ त्यांच्या घरी कामाला राहिली आणि भिंतीवरची गिटार बघून तिला आपली जुनी बोटं आठवली. पेगी मोठी होऊन इंग्लंडला गेली, तिनं तिथं हे गाणं गायलं. १९५७ मध्ये ते इंग्लंडात दुसऱ्याच मंडळींच्या आवाजात पहिल्या पाचांत पोचलं, आणि श्रेय छापलं गेलं दोन इंग्रज नावांचं. गाणं करणारी बाई तेव्हा वॉशिंग्टनमध्ये लोकांचा स्वयंपाक करत होती. पुढे कायदेशीर मार्गानं तिचं नाव श्रेयात आलं. माइक सीगरनं घरच्या घरी रेकॉर्ड केलेली तिची पहिली रेकॉर्ड १९५८ मध्ये आली, तेव्हा ती पासष्टीची होती. नव्वदी ओलांडल्यावर तिला ग्रॅमी मिळालं. १९८७ मध्ये ती गेली.

या बाईच्या गोष्टीत मला एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. ती ज्या घरात कामाला होती, ते घर जर गाणी टिपून ठेवणाऱ्यांचं नसतं, तर ते गाणं ‘पारंपरिक’ या एका शब्दाखाली गेलं असतं. ‘पारंपरिक’ म्हणून जे छापलं जातं, त्यातलं किती अशा कुणा बाईचं असेल, याचा विचार करा.

आता पाचवा. रोरी गॅलाहर, आयर्लंडचा, जन्म १९४८. हा गोरा, देखणा, रॉकच्या चित्रात बरोबर बसणारा. तरी जगाच्या यादीत मागे. याचं कारण बरंचसं त्यानंच निवडलं होतं. रेडिओवर गाजावीत म्हणून सुटी गाणी काढणं त्याला पटत नसे. कॉर्क शहरात १९६३ मध्ये शंभर पौंडांना घेतलेली सेकंडहँड फेंडर त्यानं रंग उडून लाकूड दिसेपर्यंत वाजवली. आणि दुसरी गोष्ट. उत्तर आयर्लंडमध्ये जेव्हा बॉम्ब फुटत होते, रस्त्यावर ब्रिटिश सैनिक होते, तेव्हा बाहेरचे बँड बेलफास्टला यायला तयार नसत. हा दरवर्षीसारखा जात राहिला. जानेवारी १९७४ मधल्या बेलफास्ट, डब्लिन आणि कॉर्कच्या मैफलींतून ‘आयरिश टूर ७४’ ही रेकॉर्ड निघाली. अशांत भागात नोकरी केलेल्यांना ठाऊक असतं, की संचारबंदीच्या शहरात दिवे लागलेला एक हॉल म्हणजे काय. दोन्ही बाजूंची पोरं तिथं एका छताखाली उभी असत. रोरी १९९५ मध्ये गेला. जगानं त्याला पहिल्या पाचांत धरलं नाही, पण बेलफास्ट त्याला विसरलं नाही. म्हणजे कागद नेहमी राजधानीतच लिहिला जातो असं नाही. कधी तो एखादं गाव लिहून ठेवतं.

आपल्याकडचं चित्र यापेक्षा वेगळं नाही. जुन्या हिंदी चित्रपटांच्या रेकॉर्डवर चित्रपट, गायक, गीतकार, संगीतकार एवढी नावं असत. वाजवणारे पन्नास असोत की शंभर, त्यांचा उल्लेख नाही. मुंबईच्या त्या स्टुडिओंत गोव्याचे वादक आणि स्वरलेखन करणारे किती तरी होते. मजोर्ड्याचे व्हायोलिनवादक अँथनी गोन्सालविस हे प्यारेलाल यांचे गुरू. त्यांचं नाव १९७७ मध्ये ‘अमर अकबर अँथनी’तल्या पात्राला मिळालं. सगळ्या देशाला नाव पाठ आहे, पण ते एका खऱ्या वादकाचं आहे, हे किती जणांना माहीत आहे? ‘दम मारो दम’मधली गिटार भूपिंदर सिंग यांची, ज्यांना आपण गझलगायक म्हणून ओळखतो. पुढच्या वेळी ते गाणं लागलं की पहिले काही सेकंद त्या बोटांना द्या.

मग यावर करायचं काय? काही जण म्हणतात, गुण असला की आपोआप वर येतो. माझा अनुभव तसा नाही. गुण असतोच, वर येतो तो कुणीतरी वर आणला तर. अल्बर्टसन हॉटेलात गेला, सीगरनं टेपरेकॉर्डर लावला, ग्रॅनडाच्या माणसांनी पावसात कॅमेरा चालू ठेवला, क्लॅप्टननं तिकीट काढायला लावलं. यातलं एकही काम अलौकिक नाही. प्रत्येक काम कुणीतरी करायला हवं होतं, एवढंच.

आजच्या भागाचा गृहपाठ देतो. इंदूरला असा, बडोद्याला, हैदराबादला किंवा बेळगावला, फोनवर हे सगळं मिळतं. आधी ‘हॉटर दॅन दॅट’ ऐका आणि आर्मस्ट्राँगच्या आवाजाला उत्तर देणारी गिटार शोधा. मग मँचेस्टरच्या फलाटावरची रोझेटा बघा. नंतर ‘किलिंग फ्लोअर’ दोनदा ऐका. पहिल्यांदा वुल्फकडे लक्ष द्या, दुसऱ्यांदा त्याला पूर्ण सोडून फक्त समलिनकडे. ‘फ्रेट ट्रेन’ कॉटनच्या स्वतःच्या आवाजात ऐका. शेवटी रोरीची १९७४ ची मैफल, आवाज थोडा मोठा करून.

आणि तुमच्या गावात कुणी म्हातारा बँडवाला, ऑर्केस्ट्रात चाळीस वर्षं गिटार किंवा मेंडोलिन वाजवलेला माणूस असेल, तर एका संध्याकाळी त्याच्याकडे जा. नाव, साल, कुणाबरोबर वाजवलं, कोणत्या गाण्यात वाजवलं, हे विचारून वहीत लिहून घ्या. फोनवर रेकॉर्ड करा. फार वेळ लागत नाही. हे काम पुढच्या वर्षावर मात्र टाकू नका.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद.